स्क्रीन अडवणारी विनंती

अदिबाने तो प्रोग्राम लोकांच्या भलेपणावर विसंबून लिहिला होता. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान आणि हवेतला अमोनिया, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्रातून गळला तर जीवघेणा ठरणारा वायू, तो संगणकावर दाखवायचा; अमोनिया वाढला की भोंगा वाजवायचा. कुणीही फुकट घ्यावा, ओळखीच्यांना द्यावा, उपयोगी पडला तर पैसे पाठवावेत, एवढीच तिची अट. पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात तो हातोहात पसरला. पैसे मात्र जवळजवळ कुणीच पाठवले नाहीत.

"खाली बारीक अक्षरात लिहिलेलं कोण वाचतं?" तिचा भाऊ शहजाद म्हणाला. "सरळ डोळ्यांसमोर आण."

म्हणून नव्या आवृत्तीत तिने एक चौकट घातली. ती स्क्रीनच्या मधोमध यायची, कृपया पैसे भरा म्हणायची आणि 'नंतर' हे बटण दाबलं की निघून जायची. मजकूर खूप विचार करून तिने सौम्य ठेवला होता. इंटरनेट असेल तिथे ही आवृत्ती आपोआप पोचणार होती. एका सकाळी तिने ती सगळ्यांसाठी खुली केली.

दुपारी पंचवटीतल्या घरी ती जेवायला बसली आणि फोन वाजला.

"मॅडम, मी भारत बोलतोय, पिंपळगावहून. कोल्ड स्टोरेजला ऑपरेटर हाय. तुमचा नंबर प्रोग्राममधीच सापडला. स्क्रीनवर पैशाचं काहीतरी आलंय, त्याचं काय करू?"

"कधी आलंय?"

"सकाळीच. मी हात नाय लावला. म्हटलं, चुकून मालकाच्या खात्यातून पैसे जायचे."

घास तिच्या हातातच राहिला. चौकट तपासताना तिने दर वेळी लगेच बटण दाबलं होतं. ती तशीच उघडी राहिली तर मागे काय होतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"फोन ठेवू नका," म्हणत ती उष्ट्या हातानेच लॅपटॉपकडे धावली. चौकट उघडी ठेवली आणि प्रोग्रामला अमोनियाचा खोटा, मोठा आकडा दिला. भोंगा वाजला नाही. तिने पुन्हा दिला. काहीच नाही.

सकाळपासून तिथे कुणीच हवेवर लक्ष ठेवत नव्हतं.

"भारतभाऊ, 'नंतर' दाबा. पैसे जाणार नाहीत. दाबा लवकर."

बटणाची टिचकी ऐकू आली. मग फोनमधून भोंगा असा कडाडला की शहजाद आतल्या खोलीतून धावत आला.

"आत कोण आहे?" अदिबा ओरडली.

"बाया हायेत. क्रेट लावताय..." पुढचे शब्द तुटले. फोन कशावर तरी आपटला आणि पावलं दूर गेली.

आता फक्त ऐकणं तिच्या हाती होतं. जड दार सरकल्याचा आवाज आला. खोकला आला, मग बऱ्याच जणींचा. कुणीतरी बाई रडत म्हणाली, "नवसाबाई मागंच राहिली." भारत मास्क मागत होता. त्यानंतर नुसता भोंगा. अदिबाने टेबलाची कड घट्ट धरली होती. ती दुआ पुटपुटत राहिली.

बऱ्याच वेळाने भारतचा दम लागलेला आवाज आला. "काढली बाहेर. डोळे लय जळताय तिचे, पण बोलतेय. टेम्पोत घालून दवाखान्यात पाठवली. मशीन बंद केलं."

पण अदिबाला थांबायला उसंत नव्हती. असे संगणक आणखी किती ठिकाणी, कुणाकडे? पैसे भरणाऱ्या मोजक्यांची नावं तिच्याकडे होती. बाकीचे कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं. चौकट काढून तिने प्रोग्राम नव्याने पाठवला, पण जिथे ती आधीच उघडून बसली होती तिथे प्रोग्रामच थिजलेला. तो नवं काही घेणार नव्हता. मग तिने आणि शहजादने द्राक्षवाल्यांचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप गाठले, ओळखीच्या व्यापाऱ्यांना विनवलं: चौकट दिसली तर लगेच 'नंतर' दाबा, आधी माणसं बाहेर काढा. संध्याकाळपर्यंत फोन येत राहिले. कुठे चौकट होती, कुठे नव्हती. वायुगळती दुसरीकडे कुठे निघाली नाही. निदान तिच्या कानावर तरी आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिंपळगावच्या दवाखान्यात गेली. नवसाबाईच्या डोळ्यांवर ओली पट्टी होती. भारत शेजारी बसला होता.

"मावशी, तो भोंगा माझ्यामुळे बंद पडला होता," अदिबा म्हणाली. "लोकांनी पैसे द्यावेत म्हणून मी स्क्रीनवर एक पाटी घातली, तिनेच तो अडवला."

नवसाबाईने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "पैसं मागावं की," ती म्हणाली. "पण आमी आत असताना तो वाजाया पायजे."

"आता वाजेल. पैसे देवोत न देवोत."

"तू सोता तिथं येऊन वाजवून बघ एकदा," नवसाबाई म्हणाली. "मंग मी आत जाईन."

अदिबाने भारतकडे पाहिलं. तो उठला आणि कोल्ड स्टोरेजला जायला गाडीची किल्ली शोधू लागला.