रिसीव्हरचा रिकामा डबा

भांडारप्रमुख साहेब, तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून वाटप केलंत. बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या भांडारात एकच डबा धड उरला होता. जाड पत्र्याचा, करडा, पुढे काचेआड तबकडी, दोन्ही बाजूंना कड्या. आतला रिसीव्हर तुम्ही भंगारात काढलात. रिकामा डबा मी मागितला, माझ्या साडूनेही मागितला. दिलात साडूला.

खिडकीच्या गजांतून टेप घालून मी त्याचं माप घेतलं होतं. त्याच मापाने घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधला. आवाजाचं बटण बरोबर तबकडीखालच्या भोकाशी येईल असा. डबा हातात नसताना! आता ते यंत्र दुसऱ्या कशातच जाईना. टेबलावर उघडंवाघडं पडून राहिलं.

आणि साडूने डब्यात काय घातलं? बल्ब. बैठकीतला शोभेचा दिवा.

"कसा दिसतोय, साडूभाऊ?"

"झकास," मी म्हणालो.

घरी बायको म्हणाली, "ताईचा एवढा मोठा फ्लॅट झाला, मी नाही जळले. तुम्ही पत्र्यापायी कोळसा झालात!"

शेवटी लाज गुंडाळून डबा मागायला गेलो.

"डबा नाही बुवा मिळायचा," साडू म्हणाला. "हिने पडदे त्याच्या रंगाचे आणलेत. पण बल्ब काढून तुमचं यंत्र बसवा की त्यात. वाजू दे इथेच."

शिवी ओठांवर आली होती. तरी दुसऱ्या दिवशी यंत्र काखोटीला मारून गेलो. एकही भोक पाडावं लागलं नाही, कुठे कानस लागली नाही. बटण तबकडीखालून अलगद बाहेर आलं आणि, खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरले.

आता पाहुणे येतात. साडू बटण फिरवतो, घर दणाणतं.

"स्वतः केलंत?"

"छंद हो आपला, दुसरं काय!" मी समोर बसलेला असताना!

बायको म्हणते, उचलून आणा. कसं आणू? तिथे ते असं बसलंय की जणू जन्मलंच त्या डब्यात. तेच तर खुपतं.

साहेब, मागायला आलो तेव्हा मी यंत्र तुमच्या टेबलावर वाजवून दाखवलं होतं. साडू नुसता हसत उभा होता. मग त्याच्यात काय दिसलं तुम्हाला? टाळू नका. बोला.