अडुसष्ट तास

हॉबर्ट साइझमोर हा माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. लहानपणापासून मला ताईच म्हणायचा. सव्वीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत छत कोसळू नये म्हणून त्याला बोल्ट मारत होता. खाण बंद पडली तोवर छातीत धूळ बसली होती आणि साखरेचा आजारही मागे लागला होता. चर्चच्या तळघराच्या आठ पायऱ्या उतरताना तो दोनदा थांबायचा. मी बघतेय असं दिसलं की म्हणायचा, "इंजिन तापलंय, ताई. जरा पाणी घालू दे."

त्या तळघरात आम्ही लोकांनी दिलेले जुने कपडे धुऊन, इस्त्री करून गरजूंना फुकट देतो. अकरा वर्षं तो कारभार माझ्याकडे आहे. हॉबर्ट तिथे हौसेनं आला नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कार्यालयाचं पत्र आलं. त्याच्या वयाच्या माणसांना पूर्वी कुणी विचारत नसे, पण नियम बदलला होता. महिन्याला ऐंशी तास काम करून दाखवा, पगारी नाहीतर बिनपगारी, नाहीतर सरकारी धान्य-किराण्याचं कार्ड बंद. तीन वर्षांत तीन महिने चुकले की संपलं. त्यातले दोन महिने तर त्याचे काम शोधण्यातच गेले.

"आजारी असशील तर डॉक्टरचा कागद दे ना त्यांना," मी म्हटलं.

"डॉक्टर कुठाय? आपला दवाखाना बंद होऊन दोन वर्षं झाली. गाडी घेऊन येणारी नर्स इन्सुलिन देते, पण तिची सही चालत नाही. शहरातल्या डॉक्टरनं चार महिन्यांनंतरची तारीख दिलीय."

मग तो माझ्याकडे यायला लागला. काम चोख. शर्टाची कॉलर अशी बसवायचा की दुकानातला वाटावा. तिथे काम करणाऱ्या बायका त्याची चेष्टा केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यांच्यातली डेल्मा एकदा फुलाफुलांचा गाऊन नाचवत म्हणाली, "हॉबर्ट, तुझ्या मापाचा आलाय बघ!" तो म्हणाला, "ठेव बाजूला. रविवारी घालून येतो, पाद्रीबुवांना झीट येऊ दे." आम्ही पोट धरून हसलो.

महिनाअखेरीला तासांच्या कागदावर माझी सही लागायची. पहिल्या महिन्यात ऐंशी भरले. दुसऱ्यातही भरले. तिसऱ्या महिन्यात ओढ्याला पूर आला आणि त्याच्या घराकडचा पूल वाहून गेला. तात्पुरता पूल टाकेपर्यंत चार दिवस त्या खोऱ्यातून कुणी बाहेर पडू शकलं नाही. चार दिवसांचे बारा तास गेले. नंतर भरून काढायला त्यानं जास्त वेळ थांबायचा प्रयत्न केला, पण संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ निळे पडायचे. मीच त्याला घरी हाकलायची.

मी कार्यालयाला फोन लावला. पन्नास मिनिटं फोनवर नुसता बाजा वाजत राहिला. मग एक मुलगी बोलली, "रस्ता बंद होता याचा लेखी पुरावा जोडा, बाई."

"अहो, पूल वाहून गेला. सगळ्या गावानं बघितलंय."

"गावाचं चालत नाही. रस्ते खात्याचं पत्र लागेल."

रस्ते खात्यात कुणी फोनच उचलला नाही.

एकतीस तारखेला हॉबर्ट कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. टोपी हातात. "ताई, ऐंशी लिही ना. पूर मी आणला का?"

शेजारच्या काउंटीत एका चर्चनं खोटे तास लिहून दिले म्हणून चौकशी लागल्याचं त्याच आठवड्यात ऐकलं होतं. तिथलं कपड्यांचं काम बंद झालं, आणि सही करणाऱ्या बाईला वकील शोधावा लागला. माझंही पोट तसल्याच कार्डावर. माझं वय सहासष्ट, म्हणून मला तास लागत नाहीत, एवढाच फरक. मला भीती वाटली. देवाचं, खरेपणाचं नाव मी नंतर घेतलं. आधी भीतीच होती.

"जे झालं तेच लिहिते, हॉबर्ट," मी म्हटलं, आणि अडुसष्ट लिहिले.

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला.

कार्ड बंद झालं. तीस दिवसांत पुन्हा ऐंशी तास भरले तर ते परत चालू होणार होतं. म्हणून तो येतच राहिला. मी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव डब्यात घालून दिला. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. "भूक नव्हती, ताई," म्हणाला. चर्चमधून महिन्याला मिळणारी डबाबंद अन्नाची पेटी मात्र घ्यायचा, कारण ती सगळ्यांनाच मिळायची. त्यात भागत नव्हतं हे मला दिसत होतं. विजार दोरीनं बांधायला लागला होता. एकदा इस्त्री करता करता त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी साखर घातलेला चहा जबरदस्तीनं पाजला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"खाल्लंय."

"इन्सुलिन घेतलंस आणि खाल्लं नाहीस. खरं सांग."

"ताई, तू तास मोज. माझे घास मोजू नकोस."

मला ते लागलं. मी कपबशी उचलून नेली. तिथेच मी त्याला धरून बसवायला हवं होतं, नर्सच्या गाडीला फोन करायला हवा होता. मी केला नाही. तो रागावलाय, राग निवळला की बोलेन, असं मनाला सांगत राहिले.

पुढच्या मंगळवारी तो आलाच नाही. दुपारी टपालवाला सांगत आला, हॉबर्टचा ट्रक त्या तात्पुरत्या पुलाच्या अलीकडे झाडावर आदळलाय. घसरल्याची खूण नाही, ब्रेक दाबल्याचीही नाही. साखर उतरून शुद्ध हरपली होती ती आदळण्याआधीच. डावा पाय लोखंडात चेपला होता.

शहरातल्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढला. तिथल्या डॉक्टरनं पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहून दिलं की हा माणूस काम करण्यास असमर्थ आहे. एका सहीचं काम. कार्ड पुन्हा चालू झालं.

मी भेटायला गेले तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. इस्पितळातलं सूप समोर निवत होतं. मी खुर्ची ओढली. रस्ताभर बरंच बोलणं जुळवलं होतं. शेवटी म्हटलं, "हॉबर्ट, मी ते बारा तास लिहायला हवे होते."

तो माझी समजूत घालेल असं मला वाटलं होतं. आयुष्यभर तो सगळ्यांची समजूत घालत आला होता.

"हो," तो म्हणाला. "लिहायला हवे होतेस."

मी सुपाचा वाडगा त्याच्या जवळ सरकवला. मग नर्स पट्टी बदलायला आली आणि तिनं मला बाहेर जायला सांगितलं. नाताळच्या आधी त्याची बहीण त्याला ओहायो राज्यात आपल्या घरी घेऊन गेली. तिथला पत्ता माझ्याकडे आहे. पत्र लिहायला दोनदा बसले. अजून लिहून झालेलं नाही.