ऐंशी नंबरची बाधा

मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीत त्या सकाळी झुंबड उडाली होती. सभासद म्हणून मीही त्या गर्दीत होतो. कॉम्प्युटरपुढे नारळ, लिंबू, गुलाल. खुर्चीत बाळा भगत.

"तारेतून शिरलीय ती! समदा बंद करा. कोणी फोन लावायचा नाय!"

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर मासळीचे दर उमटले. सोसायटीचं हे पान मुंबईचे व्यापारी पाहत, आणि गेले कित्येक दिवस ते उघडतच नव्हतं. लोकांनी देवाला हात जोडले, काहींनी भगताला.

"पण बाधा कोणाची?" चेअरमननी विचारलं.

भगताने दमयंतीकडे बोट दाखवलं. ती कार्यालय उघडायची, झाडायची आणि आधी त्याच कॉम्प्युटरवरून नवऱ्याशी बोलायची. दादू मस्कतला इस्पितळात होता. "ही बोलली की पान बंद. पडताळून बघा."

लोकांनी पडताळलं. तसंच होत होतं. तिथेच भगताचं फावलं.

"माझा काय चुकला?" दमयंती म्हणाली. तिला कामावरून काढलं. बाधेच्या धास्तीने सायबर कॅफेवाल्यानेही बसू दिलं नाही. परदेशी फोन तिला परवडणारा नव्हता.

दादू गेल्याचं शेजाऱ्यांच्या मोबाइलवर कळलं. शेवटपर्यंत रोज सकाळी तो तिची वाट पाहत होता, असं त्याचा सोबती म्हणाला. ती रडली नाही. ऐकून मीही नुसता बसून राहिलो. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

हे कानावर गेल्यावर कॉम्प्युटर क्लासच्या सईदा मॅडम आल्या. सोबत दमयंतीला आणलं. दमयंती ज्यावरून नवऱ्याशी बोलायची, तो इंटरनेट फोनचा प्रोग्राम त्यांनी आधी उघडला. दरांचं पान बंद.

"बघा! मॅडमनापण लागली," भगत हसला.

मॅडमनी तो बंद करून सर्व्हर, म्हणजे दरांचं पान बाहेर पाठवणारा प्रोग्राम, सुरू केला. पान उघडलं.

"कॉम्प्युटरला नंबरांची दारं असतात. तुमच्या सर्व्हरला ऐंशी नंबर दिलाय. फोनचा प्रोग्रामही तेच दार अडवतो, आणि बोलणं संपलं तरी मागे चालूच राहतो. जो आधी येईल तो आत, दुसरा बाहेर. भगत सगळं बंद करायला लावतात, म्हणून दार मोकळं होतं."

सेटिंगमध्ये ८० च्या जागी त्यांनी ८०८० लिहिलं. व्यापाऱ्यांना पत्त्याच्या शेवटी तो आकडा टाकायला कळवलं. आता दोन्ही एकदम चालायला लागली. भगत कधी सटकला कळलंच नाही.

"दमयंती, बस गो. आता खुशाल बोल," चेअरमन बोलून गेले.

तिने खुर्चीकडे पाहिलं. "कोणाशी?"

 माझं एवढंच सांगणं आहे. काही बंद पडलं तर ते उघडून तपासा. कळत नसेल तर जाणत्याला विचारा. पण बाईमाणसावर खापर फोडू नका. तो आकडा बदलायला दोन मिनिटंही लागली नव्हती.