पडद्यामागचं बाळंतपण

धाकटीला नववा महिना लागला आणि त्याच आठवड्यात वरचं धरण फुटलं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. ती गावाचे कपडे शिवायची, त्यामुळे सगळं गाव तिला ओळखायचं आणि घरच्यांसारखंच धाकटी म्हणायचं. याआधी दोनदा तिच्या पोटातलं टिकलं नव्हतं. या खेपेला सासूबाई तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. शिलाई मशीनला पाय लावू देत नव्हत्या, बादली उचलू देत नव्हत्या. आणि तीच धाकटी त्या दिवशी कमरेएवढ्या गढूळ पाण्यातून, एका हातानं पोट सावरत आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना ओढत, टेकडीवरच्या शाळेत पोचली. नवरा ट्रक घेऊन नदीपलीकडे गेला होता. "मी सुखरूप आहे," एवढा त्याचा निरोप आला, मग पूल गेला आणि फोनही गेले.

शाळेच्या सभागृहात अर्धं गाव दाटीवाटीनं राहत होतं. चटईला चटई लागलेली. एकानं कूस बदलली की ओळीतल्या सगळ्यांना जाग यायची. कपडे बदलायचे तर दोघी-तिघींनी चादर धरून उभं राहायचं. एक बाळंतीण आठ-दहा दिवसांचं लेकरू घेऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी नावेतून यायच्या. त्यांनी धाकटीचे सुजलेले पाय पाहिले, रक्तदाब मोजला.

"डाव्या कुशीवर पडून राहायचं. शांत जागी. अजिबात दगदग नको."

"कुठं?" धाकटीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सभागृहभर नजर फिरवली.

धाकटीची नजर मात्र समोरच्या रंगमंचावर खिळली. चांगला ऐसपैस, लाकडी. जाड लाल पडदा. वर होतं काय, तर एक टेबल, एक माइक आणि रचून ठेवलेल्या खुर्च्या.

ती उठली आणि सरळ हेडसरांकडे गेली. सगळ्या छावणीची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती. झोप नाही, दाढी वाढलेली, बोलून बोलून घसा बसलेला.

"सर, रंगमंच आम्हा बायकांना द्या. मी, ती बाळंतीण, आणखी एक पोटुशी आहे ती. आणि बाकीच्यांना कपडे बदलायला आडोसा."

"अगं, नाही देता येणार. जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणारेत. भाषण करतील. ते कुठं उभे राहणार?"

"सर, भाषण खाली उभं राहून करता येतं. बाळंतपण नाही करता येत."

आजूबाजूला हसू फुटलं. हेडसरांचा चेहरा पडला. "माझ्या हातात नाही गं बाई. वरून विचारतील मला."

धाकटी पुढं बोलणार, तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी पायऱ्या चढून गेलं. सासूबाई! चारचौघांत बाईमाणसानं आवाज चढवू नये, असं जन्मभर सांगत आलेल्या सासूबाई. त्यांनी रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढली, रंगमंचाच्या मधोमध ठेवली आणि तीवर ठाण मांडलं.

"हेडसर, वरून कुणी विचारलं तर सांगा, म्हातारी हलेना. उचलायचं तर साहेबांना म्हणावं, तुम्हीच उचला."

सभागृह खदखदून हसलं. हेडसरही हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. मग ते स्वतः वर चढले आणि टेबलाचं एक टोक धरून म्हणाले, "चला, कुणीतरी हात लावा."

रंगमंचाच्या बाजूचे काळे पडदे उसवून धाकटीनं त्यांच्या खोल्या पाडल्या. ती कुशीवर पडून सांगायची आणि बायका टाके घालायच्या. "ताण देऊ नका, सैल घाला. दुपदरी करा, नाहीतर उजेडात सावली दिसेल." हेडसरांनी हस्तकलेच्या कपाटातला सुई-दोरा आणून दिला. संध्याकाळी बाळंतीण आत गेली आणि पहिल्यांदाच पाय पसरून निजली.

साहेब आले ते नेमके धाकटीला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. डॉक्टरीणबाई आत होत्या. सासूबाई उशाशी होत्या. साहेबांनी खाली उभं राहून माइक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो, या संकटाच्या घडीला..."

पडद्यामागून धाकटीची किंकाळी आली. साहेब थांबले. हेडसरांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी माइक बंद केला आणि ते पहिल्या ओळीतल्या चटईवर मुकाट्यानं बसले.

आत धाकटी घामानं निथळत होती. "आई, हेही नाही राहिलं तर?"

सासूबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "एवढ्या पुराच्या पाण्यातनं तू मला ओढून आणलंस. मी काय हलकी आहे? लाव जोर!"

आणि तिनं लावला. बाळ आलं, पण रडेना. बाहेर सभागृह चिडीचूप झालं. डॉक्टरीणबाईंनी बाळाची पाठ खसाखसा चोळली, तोंड साफ केलं, पुन्हा चोळली. मग एक बारीक, चिरका, रागीट आवाज निघाला आणि वाढतच गेला.

सासूबाईंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं.

"मुलगी! दोघी ठणठणीत आहेत!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की त्यांना माइकची गरजच पडली नाही.

लोक उठून उभे राहिले. ज्यांची घरं गेली होती, दुकानं गेली होती, ते एकमेकांना मिठ्या मारत होते. हेडसर भिंतीकडे वळून डोळे पुसत होते. साहेब टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी नाव मिळवून नवरा आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. तो धावतच पायऱ्या चढायला लागला, तशी सासूबाईंनी त्याला वाटेतच अडवलं.

"आधी हातपाय धू. ही बायकांची खोली आहे, तुझा ट्रक नाही."

तो धुऊन आला आणि पडद्याशी घुटमळत उभा राहिला. "आपलं घर... चिखलानं भरलंय गं," तो हळूच म्हणाला. "मशीनसुद्धा गेली."

धाकटीनं लेक त्याच्या हातात ठेवली. त्यानं तिला अवघडून छातीशी धरलं.

"नीट धर," ती म्हणाली. "मान सांभाळ. घर काय, उपसू आपण."