रिंगेवरचा केस

हवा काढा

“उतरतोय का काटा?” बाईंनी विचारलं.

“कसला उतरतोय! सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा ठाण मांडून बसलाय,” मिस्त्री म्हणाला.

पंप हवा ओढत घरघरत होता, पण दाबाचा काटा हलत नव्हता. काचेच्या घंटेत, म्हणजे पालथ्या भांड्यात, दोन गोळे टांगलेले. एक सूर्य, एक ग्रह. ग्रहाच्या पोटात लोहचुंबक. आतली हवा पुरेशी विरळ झाली आणि वीज सोडली, की ग्रहाच्या माथ्याशी जांभळं कडं उमटतं. ध्रुवीय प्रकाश, टेबलावर. पण सकाळपासून मुलांच्या दोन तुकड्या अंधारात ताटकळून काहीच न पाहता परत गेल्या होत्या.

विभागप्रमुख दारातूनच म्हणाले, “बाई, उद्याही असंच झालं तर हे खोक्यात भरू. फिल्म दाखवली तरी मुलांना तेवढंच कळतं.”

“तेवढंच नाही कळत,” बाई म्हणाल्या. तोवर ते गेले होते.

गळती शोधा

मिस्त्रीने घंटा उचलली, खालची रबरी रिंग बोटाने चाचपली आणि चिमटीत काहीतरी धरून उजेडाकडे नेलं. लांब, अर्धा पांढरा केस. तेवढा आडवा पडला तरी त्याच्या कडेने हवा आत शिरते.

“हा बघा चोर! कुणाचा हो?”

खोलीत तिसरं माणूस नव्हतं. आणि मिस्त्रीच्या डोक्यावर दुर्बीण लावूनही केस सापडला नसता.

बाई हसल्या नाहीत. औषधं सुरू झाल्यापासून केस उशीवर, डब्याच्या झाकणावर, कुठेही सापडत होते. कॉलेजात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून, अगदी मायेने, त्यांना घरी बसवलं असतं.

मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग केस फुंकून टाकला.

“माझाच असेल,” म्हणाला.

(ही पायरी प्रयोगात नाही)

“आई, रजा टाक ना सरळ.”

“मशीन चालव गुपचूप. कान सांभाळ.”

लेकीने बापाच्या दाढीचं मशीन आईच्या मानेला टेकवलं आणि थांबली. “पुढचे थोडे ठेवू?”

“एकही नको.”

“एवढं काय आहे गं त्या भांड्यात?”

“तिथे मला कुणी तब्येत विचारत नाही.”

“उद्यापासून विचारतील की.”

“हो,” बाई म्हणाल्या. “चालव.”

वीज सोडा

दुसऱ्या दिवशी बाई आत आल्या तशी मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मिस्त्रीने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

“बाई, इथे एकाचंच राज्य चालतं हं!”

मुलं हसावं की नाही या विचारात असताना बाईच खळखळून हसल्या. रिंग पुसून त्यांनी स्वतः घंटा बसवली. पंप सुरू झाला. काटा अडखळला, आणि मग निमूट उतरत गेला.

मिस्त्रीने दिवे मालवले, बाईंनी वीज सोडली. काही नाही. अजून काही नाही.

“अरे, वर बघ! वर!”

जांभळं कडं ग्रहाच्या माथ्याशी थरथरत होतं. मागची मुलं टाचा उंचावू लागली. विभागप्रमुख कधी आत आले कुणास ठाऊक. त्यांनी अंधारात चाचपत एक खुर्ची पुढे ओढली.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “मला काहीच माहीत नव्हतं. बसा ना तुम्ही.”

“तुम्ही बसा, सर,” बाई म्हणाल्या. “मागच्यांना दिसत नाहीये.”

खुर्ची करकरली. बाईंनी वीज जराशी वाढवली.