पोट बरं न्हाय

संयोगिताच्या पोटानं तिला कुठं कुठं मान खाली घालायला लावली, ते सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. दिराच्या साखरपुड्यात ऐन ओवाळायच्या वेळी ताट दुसरीच्या हातात कोंबून ती परसाकडं पळाली. कुरुंदवाडला माहेरी जाताना तिनं एसटी मध्येच थांबवली, तर एक मिशीवाला पाठीमागनं ओरडला, "काय वो बाई, निघायच्या आधी सुचत न्हाय व्हय?" सगळी गाडी फिदीफिदी हसली. हसायला काय जातंय! ज्याच्या आतड्याला पीळ पडतो त्याला विचारा.

कोल्हापुरातल्या बड्या डॉक्टरनं नळी घालून आतडी बघितली, रक्त तपासलं, आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून हातात दिला. आयबीएस म्हणतात याला, जिवाला धोका नाही, पण पुरतं बरंही होत नाही, असं त्यानं सांगितलं. नवऱ्यानं, अमरसिंहनं, त्यातलं 'नॉर्मल' तेवढं उचललं. "डोक्यातलं हाय तुझ्या," म्हणाला आणि गोळ्या आणायच्या बंद केल्या. त्याला तरी किती बोलायचं? कबनूरला दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाला त्या गोळ्या परवडणाऱ्या नव्हत्याच.

मग फुकटचे डॉक्टर सुरू झाले. शेजारणीनं बेलाचा गर आणून दिला. सासूनं डाळिंबाची साल ताकात उगाळली. कुणी ओवा सांगितला, कुणी इसबगोल. जयसिंगपूरच्या नणंदेनं तर कहर केला. म्हशीच्या गरम दुधात तूप घालून पी, आतडी मऊ पडतात, म्हणाली. ही बिचारी प्याली, आणि दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालत होती.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दूध बंद करा, कांदा-लसूण बंद करा, तिखट कमी करा, वेळेवर आणि थोडं थोडं जेवा. याला पैसे पडत नाहीत, म्हणाल्या. पैसे पडत नाहीत हे खरं, पण कोल्हापूरच्या मातीत कांदा-लसूण आणि दूध सोडून जगायचं म्हणजे काय, ते त्या बाईंना कुठलं ठाऊक? घरात रश्श्याला फोडणी बसायची आणि ही कोपऱ्यात मऊ भात आणि मुगाचं पिवळं वरण खायची. पण लागू पडलं बघा. पोट बरंच गप्प झालं.

अगदीच गप्प नाही. अधनंमधनं ते उसळायचंच, आणि तेव्हा तिला एकच आधार होता, मनालीचा.

दोघी एकाच कारखान्यात कांड्या भरायच्या. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. मशीन सोडून कुणी हललं की सूत तुटतं, गुंता होतो, आणि मालक चारचौघात आईबाप काढतो. संयोगितानं पोटावर नुसता हात ठेवला की शेजारच्या मशीनवरनं मनाली ओरडायची, "पळ आक्का, तुझं विमान सुटलं!" आणि ती येईपर्यंत दोन्ही मशीनं सांभाळायची. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मनाली नसती तर संयोगिताची नोकरी कधीच गेली असती.

मनाली बौद्ध, संयोगिता मराठ्याची. कांडीच्या मशीनवर दोघींना त्याची आठवणही यायची नाही. पण बुद्धपौर्णिमेला मनालीनं घरी बोलावलं तेव्हा संयोगिता जरा घाबरली. पौर्णिमेला त्यांच्यात खीर असते.

"अगं खिरीचं मी आईला सांगून ठेवते," मनाली म्हणाली. "तुझ्यापुरता साधा वरणभात टाकते. ये तर खरं."

गेली. दारातच मनाली भेटली, ती विहाराकडं धावत निघालेली. "खुर्च्या कमी पडल्यात, आलेच. बस तू आत." आईला सांगायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

आत गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या. मनालीची आई, बायडाबाई, स्वतः उठली आणि काठोकाठ भरलेली वाटी घेऊन आली. "घे पोरी. सकाळपास्नं दूध आटवलंय."

साय बघूनच संयोगिताचं पोट हललं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, पोट बरं न्हाय हो."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. बायडाबाईचा हात वाटीसकट तसाच राहिला. मग ती हसली, आणि त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"व्हय का," ती म्हणाली. "आमच्या दारात आलं की समद्यांचंच पोट बिघडतंय बघ. माझ्या सासूच्या येळंला बिघडायचं, आता माझ्याबी."

संयोगिताला एकदम आई आठवली. लहानपणी कुरुंदवाडला आईचं बोट धरून ती अशाच एका दारात गेली होती. खायला पुढं केलं तेव्हा आईनंही 'पोट बरं न्हाय' म्हटलं होतं, ह्याच शब्दांत, आणि परतताना तिला सांगितलं होतं, "असंच सांगायचं असतंय." आणि आज तिचं पोट खरोखरच बरं नव्हतं. कुणाला पटवायचं? कसं?

"तसं न्हाय मावशी, खरंच, डॉक्टरनी दूध..."

"असू दे पोरी. जबरदस्ती न्हाय." बायडाबाईनं वाटी मागं घेतली.

संयोगितानं ती तिच्या हातातनं ओढूनच घेतली. खाल्ली. भराभरा, घास न चावता खाल्ली, आणि रिकामी वाटी पुढं केली. "आणखी घाला."

काय सांगू, त्या म्हातारीचं तोंड कसं उजळलं! तिनं दुसरी वाटी भरली, संयोगिताच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "गुणाची गं माझी बाय," म्हणाली. बायका पुन्हा गप्पांत रमल्या. ह्या एका क्षणासाठी पोटाचं काय व्हायचं ते होऊ दे, असं संयोगिताला खरंच वाटलं.

पोटानं फार वाट बघितली नाही. कळ आली तशी कपाळावर घाम फुटला. घर गाठणं शक्यच नव्हतं. ती उठली आणि मागच्या दारानं पत्र्याच्या संडासात शिरली. पोट तर धरवेनाच, आणि वरनं ओकारीही आली. आवाज दाबायला तिनं पदर तोंडात कोंबला, पण पत्र्याच्या दाराआड कुठला आवाज दबतोय?

ती बाहेर आली तेव्हा बायडाबाई तांब्या घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"ओकून टाकलंस," ती म्हणाली.

"मावशी, न्हाय हो, दूध मला..."

"मी वाटी उचलत हुते की गं. खायचं नव्हतं तर खायचं न्हाय. आजवर लई जणी न खाता गेल्या. पण खाऊन ओकून टाकायचं, एवढं कुणी केलं नव्हतं." आणि एवढं बोलूनही तिनं तांब्या पुढं केला. "घे. चूळ भर."

संयोगितानं चूळ भरली. दुसरं काय करणार? बोलावं तर जुनंच निमित्त, खावं तर हे असं. तिला हुंदका आला, तोही खोटा वाटेल म्हणून तिनं गिळला.

मनाली परत आली तोवर सगळं होऊन गेलं होतं. "आई, तिला खरंच आजार हाय गं," ती कळवळून सांगत राहिली. बायडाबाई "असंल की" म्हणाली आणि खिरीचं पातेलं झाकून आत घेऊन गेली.

कोपऱ्यापर्यंत मनाली सोडायला आली. तिथं थांबली. मग म्हणाली, "तुझं खरं हाय आक्का, मला म्हाईत हाय. पण आईचंबी खरंच हाय की गं. तिला मी काय सांगू?"

सोमवारी कारखान्यात मशीनं सुरू झाली. पोट अजून धुमसतच होतं. दुपारच्या आधी कळ आली आणि संयोगितानं पोटावर हात ठेवला. मनालीनं बघितलं. ती उठून आली, संयोगिताच्या मशीनपाशी उभी राहिली आणि तुटलेलं सूत तिनं जोडायला घेतलं. मान वर केली नाही.

संयोगिता क्षणभर तिथंच थांबली, विमानाचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. मग पोटानं थांबू दिलं नाही, आणि ती पळाली.