दुपारची शाळा

“एकीचा डबा पहाटे, दुसरीचा अकराला. माझा जन्म ह्या ओट्यापाशीच जायचा,” पंकजा कढईला ऐकवत होती.

हातभर अंतरावर तिची नणंद रुपाली कणीक मळत होती. भावजय तशी वाईट नव्हती. कुरकुर कढईशी करायची, तोंडावर कधी नाही. आणि रुपालीच्या पोरीच्या, संस्कृतीच्या डब्यात तुपाची धार जरा जास्तच सोडायची.

दिवाळीच्या सुट्टीत रुपाली श्रीरामपूरहून पोरीला घेऊन केडगावला भावाकडे आली ती राहिलीच. नववीतल्या पोरीची शाळा अर्ध्या वर्षात बदलायची म्हटल्यावर जो तो कारण विचारायचा. वर्गाच्या बाईंनी विचारलं, रिक्षावाल्यानं विचारलं, शेजारच्या काकूंनी तर दोनदा विचारलं. रुपाली म्हणायची, “ह्यांची बदली झाली.” बजरंग श्रीरामपुरात स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचा. स्वतःच्या दुकानातून माणसाची बदली कोण करतं, हे कुणी पुढे विचारलं नाही. तिच्या हनुवटीखालचा हिरवा-पिवळा डाग बघून माणसं आपोआप थांबायची.

तिकडे सकाळची शाळा, इकडे दुपारची. तिकडे गणित पहिल्या तासाला, इकडे शेवटच्या, पोरगी पेंगायला लागली की. दोन्ही शाळांनी धडे आपापल्या क्रमाने उरकलेले. त्यामुळे चौकोन संस्कृतीच्या वाट्याला दोनदा आला आणि वर्तुळ एकदाही नाही.

“मम्मी, वर्तुळ राहूनच गेलं तर गं?”

“राहू दे. चाक नव्हतं तेव्हाही माणसं जगलीच की.”

पोरगी हसली, आणि बघता बघता नव्या वेळेला रुळलीसुद्धा. रुपालीचं अंग मात्र ऐकेना; दुपार झाली की तिचे कान जिन्याकडे लागायचे. तिकडे बजरंग दुपारी जेवायला घरी यायचा आणि आमटी खारट असो की अळणी, हात उचलायचा. शाळा सुटून आलेली संस्कृती तेव्हा उंबऱ्यातच दप्तर उघडून बसायची. पोरीदेखत तो एखाद्या थपडेवर थांबायचा. एकदा ती मैत्रिणीकडे गेली होती, त्या दुपारी रुपालीची बरगडी मोडली. बजरंगला सगळे ‘तापट’ म्हणायचे. सासू म्हणायची, भाऊ म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर रुपालीही तेच म्हणायची.

त्या दिवशी संस्कृती शाळेत गेली, आणि थोड्या वेळानं पंकजाची पोरगी ज्ञानेश्वरी त्याच शाळेच्या सकाळच्या पाळीतून धापा टाकत घरी आली.

“आत्या! संस्कृतीचे पप्पा आलेत! सुटणाऱ्या पोरींमध्ये तिला हुडकत होते. एका भलत्याच पोरीची मागून वेणी ओढली, ती केवढ्यांदा किंचाळली! वॉचमन काकांनी हाकललं त्यांना...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत जिना वाजला. बजरंग दारात उभा राहिला. मागून त्याची आई बनुबाई गुडघे धरत चढली.

“या दाजी, बसा,” गोरक्ष भरल्या ताटावरून उठला. बहिणीचा नवरा, त्याचा मान.

बजरंग बसला नाही. “पोरगी कुठंय?”

“शाळेत,” रुपाली म्हणाली.

“शाळा आत्ता सुटली. म्या सोता हुभा हुतो गेटवर.”

“ती सकाळची सुटली. तिची दुपारची असते. आत्ताच भरली.”

“मला शिकवती व्हय? कुठं दडवली तिला?”

इतके दिवस खोटं बोलून निभावलं होतं. खरं बोलली आणि पहिली थप्पड बसली.

दुसरीला तो थांबला नाही. केस धरून त्याने तिला कपाटावर आपटलं, तसं पत्र्याचं दार दणाणलं. ती खाली बसली तेव्हा त्याची लाथ पोटात आली. “शाळा!” तो म्हणाला. पुढची लाथ मांडीवर. “दुपारी!” मग पाठीत. “सुटती!” दर शब्दाला एक, जशी मठ्ठ पोराची उजळणी घ्यावी. गोरक्षनं मागून मिठी मारली, तर बजरंगचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. ताट उलटं झालं. पंकजानं ज्ञानेश्वरीला आतल्या खोलीत ओढून कडी घातली.

दमला तेव्हा बजरंग थांबला आणि खुर्चीत बसला. मारणाऱ्याला धाप लागते, म्हणून पाणी आधी त्याला मिळालं. गोरक्षनंच दिलं, दुसऱ्या हातानं स्वतःचं नाक दाबून.

“दाजी, राग समजतो आमाला. पण पोरीच्या वर्षाचं बघा. मार्चपर्यंत राहू द्या तिला.”

“वर्ष गेलं चुलीत. आजच नेतो दोघींना. तिची सकाळची शाळाच बरी.”

“पण शाळावाले पुन्हा दाखला देतील का?” गोरक्ष फरशीकडे बघत म्हणाला.

कडी निघाली. “विनंती केली तर देतील की,” पंकजा दारातून म्हणाली. “तिकडचे घेतील का ते बघा. गणवेश आहेच जुना.”

“घेतील. सर वळखीचे हायेत,” बजरंग म्हणाला.

दाखला, गणवेश, सर. सगळे भरभरून बोलत होते. फरशीवर सांडलेल्या भातात रक्ताचे थेंब होते, ते सगळे ओलांडून जात होते.

रुपालीनं मोरीत तोंड धुतलं. जिभेला एक दात हलताना लागला. बाहेर येऊन ती भिंतीला धरून म्हणाली, “संध्याकाळी सुटते ती. आली की निघू.”

गोरक्षनं सुटकेचा निःश्वास सोडला. तो तिनं ऐकला.

“आई, हिची पिशवी भर,” बजरंग म्हणाला.

बनुबाई आल्यापासून दाराशी टेकून बसली होती, पायातल्या चपलाही न काढता. ती उठली, पण पिशवीकडे गेली नाही. रुपालीजवळ आली आणि तिच्या ओठाचं रक्त पदरानं टिपलं. दाबून टिपलं, तशी रुपाली कळवळली.

“राहू द्या आत्याबाई.”

म्हातारीनं पदर तसाच धरून ठेवला. लेकाकडे तिनं पाहिलं नाही.

“गोरक्षा, हिला धाडू नगंस.”

“आई!”

“लई दिस तापट तापट म्हनलं म्या. ह्याच्या बापालाबी तसंच म्हनत हुते.” तिचा आवाज जराही चढला नाही. “ह्यो तापट न्हाई, बाबा. ह्यो हिला जिवं मारनार हाय.”